मराठी चित्रपटाची मुळे आणि आपले सिल्वासा



या अंकातील अभ्यासलेखासाठी आम्ही मराठी चित्रपट हा विषय घेतला आहे. काही पालकांना याचे नवल वाटेल. चित्रपट म्हणजे अभ्यास बुडवण्याचे साधन, अभ्यासाचा विषय नव्हे, असे आपल्याकडे मानतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आम्हीही तेच म्हणत असतो. तरीही हा विषय घेण्यास कारण आहे. आपल्या वरच्या वर्गांतील मुलांशी बोलताना असे दिसते की मराठी चित्रपट ही पुण्या-मुंबईकडच्या लोकांची वस्तू आहे, तिचा सिल्वासाशी काही संबंध नाही, असे त्यांना वाटते. घरात मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि नोकरीच्या अर्जावर इंग्रजी, अशी आपल्या गावाची रीत आहे. ती वाईट नाही. चार भाषा येणारे मूल कुठेही अडत नाही. परंतु या वाटणीत मराठी ही फक्त आजीशी बोलायची भाषा होऊन बसली, तर या शाळेचे काम अर्धे राहिले असे आम्हांस वाटते.

म्हणून या लेखात दोन गोष्टी पाहू. मराठी चित्रपट कुठून आला, ही पहिली. आणि त्याचा आपल्या गावाशी काय संबंध, ही दुसरी. दुसरीचे उत्तर पुष्कळांना ठाऊक नाही, आणि ते बरेच मोठे आहे.

यंत्र बाहेरून आले, गोष्ट घरची होती

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. तीन वर्षांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत, त्यांनी मुंबईत हँगिंग गार्डनजवळ कुस्तीचा एक सामना चित्रित केला. यंत्र परदेशी होते यात वाद नाही. मात्र अंधारात बसून उजेडातली चित्रे पाहायची आणि त्यांच्या आधाराने गोष्ट ऐकायची, ही सवय आपल्या लोकांना त्याआधीपासून होती.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजातील कलावंत चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातील प्रसंग कागदावर रंगवलेले असतात. एक चित्र पुढे धरायचे, वाद्याच्या साथीने तेवढा प्रसंग गाऊन सांगायचा, मग दुसरे चित्र. त्याच समाजाकडे कातडी बाहुल्यांचा खेळही आहे. मागे दिवा, पुढे पडदा, मध्ये बाहुली आणि पडद्यावर सावली. या कलेसाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. मुंबईजवळ कल्याणला १८९२ च्या सुमारास पटवर्धन मंडळींनी 'शांबरिक खरोलिका' नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर पाडून खेळ केले. म्हणजे ल्युमिएर यांचे यंत्र येण्यापूर्वीच पडदा आला होता.

आता पिंगुळीला जायला नको, आपल्याच परिसरात पाहा. कोकणा समाजाचा भवाडा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. जव्हार-मोखाड्याकडे त्यालाच बोहाडा म्हणतात. रात्रीची वेळ, उजेड, संबळ आणि पिपाणी, आणि मुखवटे चढवून एकामागून एक येणारी सोंगे. गणपती येतो, शारदा येते, पुढे रावण येतो, नरसिंह येतो. प्रत्येक सोंग नाचत पुढे येते, आपले काम दाखवते आणि मागे जाते. मोठी माणसे शेजारच्या पोराला सांगत असतात, हा कोण, याने काय केले. वारली चौकही तसाच. तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या चित्रात मध्यभागी देवी असते आणि भोवती लग्न, शेत, झाडे, तारपा, नाचणारी माणसे. डोळा जिथे न्याल तिथे गोष्टीचा एक तुकडा सापडतो. डहाणूजवळच्या गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. ज्या मुलाने भवाडा पाहिला आहे आणि चौक वाचला आहे, त्याला चित्रपट कसा पाहावा हे निम्मे आधीच येते.

याच्या जोडीला कीर्तन होते. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. एकच माणूस गातो, बोलतो, हसवतो, राजाचा आवाज काढतो, राणीचा काढतो, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर सगळा दरबार उभा राहतो. नाटक होते. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचा पाया घातला. तमाशा होता, त्यातली गण, गवळण, बतावणी आणि वग. चित्रपट आला तो या गजबजलेल्या घरात आला. रिकाम्या घरात नव्हे.

दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. आपल्याकडून जव्हारच्या बाजूने घाट चढून गेले की त्र्यंबक फार लांब राहत नाही. वडील संस्कृतचे विद्वान. मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, मग बडोद्याच्या कलाभवनात. पुढे गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचा धंदा मांडला. तिथे प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेले. पहिला भारतीय कथापट करणाऱ्या या माणसाच्या तयारीची बरीच वर्षे गुजरातेत गेली, हे आपण सीमेवरच्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावे. मराठी आणि गुजराती मुलुख नकाशावर वेगळे दिसतात. माणसांच्या आयुष्यात ते तसे नसतात.

फाळके जादूचे प्रयोगही करीत. आपले आडनाव उलटे फिरवून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' असे नाव घेतले होते. शिवाय लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केले. राजा रविवर्मा केरळचे. त्यांनी रंगवलेल्या देवदेवता छापील चित्रांतून घरोघरी गेल्या, आणि त्यांच्या कित्येक पौराणिक स्त्रिया मराठी पद्धतीची नऊवारी नेसलेल्या आहेत. केरळच्या चित्रकाराने मराठी साडी घेतली आणि मराठी छायाचित्रकाराने त्याच्याकडून देव कसे दिसावेत हे घेतले. अशी देवघेव चालते तेव्हा कला वाढते.

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून फाळक्यांच्या मनात आले की आपला राम, आपला कृष्ण पडद्यावर का दिसू नये. १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा आणि साहित्य घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते याचे थोडेथोडे चित्रण करून त्यांनी एक छोटा चित्रपट बनवला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. (त्याआधी मे १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' आला होता; पण ते मुख्यत्वे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते.)

दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी कोणी स्त्री तयार होईना. मुंबईतल्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंखे हा तरुण तारामती झाला. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्याचे कामही करीत. पहिल्या चित्रपटाचे श्रेय देताना हे नाव आपण गाळतो, ते गाळू नये. पुढे 'लंकादहन' (१९१७) मध्ये साळुंखे यांनीच राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. मुलांनी 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पाठ केलेला आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यातल्या साडी नेसलेल्या दोन बायका पाहून हसताना अण्णा साळुंखे यांची आठवण ठेवायला हरकत नाही. फाळक्यांच्या दुसऱ्याच चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर' मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. त्या रंगभूमीवरूनच आल्या होत्या.

कोल्हापूरचे पडदे

फाळक्यांनंतरची गोष्ट कोल्हापूरची आहे आणि ती आम्हांस सर्वांत आवडते, कारण ती शिकाऊ मुलांची गोष्ट आहे. नाटकाच्या मागे रंगवलेले पडदे असत: राजवाडा, जंगल, रस्ता. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ असे पडदे रंगवण्यात नावाजलेले होते. त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव मध्येच वारले, बाबूरावांनी काम पुरे केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. 'सैरंध्री' १९२० साली आला. १९२५ च्या 'सावकारी पाश' मध्ये कर्जात जमीन गमावून शहराकडे जाणारा शेतकरी दाखवला आहे. देवादिकांच्या त्या काळात कर्जाच्या कागदावरचा चित्रपट काढणे ही धाडसाची गोष्ट होती. त्यातला तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली: विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि भांडवल देणारे सीतारामबापू कुलकर्णी. १९३२ साली त्यांचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, म्हणजे संगीत नाटकातले मोठे नाव, आणि तारामती दुर्गा खोटे. आज पाहिला तर हा चित्रपट संथ वाटतो, हे आम्ही लपवीत नाही. पण कान देऊन ऐका. त्यात नाटकाची ऑर्गन-तबल्याची साथ अजून ऐकू येते.

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली आणि १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' काढला. एकच जुना मराठी चित्रपट पाहायचा असेल तर आम्ही हा सांगू. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस मूळ रंगभूमीवरचे गायक नट. आवली झालेल्या गौरी यांना शाळेचे शिक्षण नव्हते. पण नवऱ्याच्या भक्तीने घरात दाणा उरत नाही म्हणून चिडणारी, आणि तरी त्याच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढणारी बाई त्यांनी अशी उभी केली की ती शेजारच्या घरातली वाटते. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग स्वतः लिहिला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा झाला की जाणकारांनीही तो गाथेत शोधला. कवीच्या कानात कीर्तन मुरलेले होते म्हणून हे जमले. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. आणि वारकऱ्यांच्या या चित्रपटाचे एक दिग्दर्शक, ज्यांनी देहूची घरे, भिंती आणि वाटा आपल्या हाताने आखल्या, ते शेख फत्तेलाल होते. त्या काळी यात कोणाला वेगळे काही वाटले नाही. आजही वाटू नये.

येथे थोडे आमच्याविषयी. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले; मराठी घरची, पण पुस्तकी मराठी आम्ही पुढे वाचून-वाचून मिळवली. प्रभातचे चित्रपट आम्हांस प्रथम भेटले ते दूरदर्शनवर आणि हिंदीतून: 'दुनिया न माने', 'पडोसी'. नंतर समजले की हेच 'कुंकू' (१९३७) आणि 'शेजारी' (१९४१). प्रभात एकाच वेळी, त्याच सेटवर मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या काढीत असे. 'कुंकू' ची कथा ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून घेतलेली. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी त्या लग्नाला मान्यता देत नाही, एवढेच कथानक. पण शांता आपटे यांनी ती मुलगी ज्या ताठ मानेने केली, ती आजच्या मुलींनी पाहावी. दोन्ही आवृत्त्या पाहिल्यावर आमचे मत असे झाले की हिंदीत गोष्ट समजते, मराठीत घर समजते. ज्या पालकांना मराठी माध्यमाची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले. एक भाषा घट्ट असली की दुसरी तिच्यावर उभी राहते. प्रभातने हे व्यापारातही करून दाखवले.

तमाशाच्या अंगाने आलेले चित्रपट आम्ही थोडक्यात उरकतो, कारण मोठ्या वर्गांपुरताच तो विषय आहे. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) हे त्यातले ठळक. दुसरा पुण्यात एकाच चित्रपटगृहात अडीच वर्षांच्या आसपास चालला. दादा कोंडके 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातून आले आणि १९७१ च्या 'सोंगाड्या' पासून त्यांनी गावोगावची चित्रपटगृहे भरली. त्यांचे विनोद वर्गात सांगण्याजोगे नसतात. पण बतावणीची परंपरा त्यांच्यात होती हे मान्य केले पाहिजे.

१९५४ चा पावसाळा

आता आपल्या गावाकडे येऊ. आपली दादरा व नगर हवेली पूर्वी मराठ्यांकडे होती. १७७९ च्या तहातून पुढे नगर हवेलीचा ताबा १७८३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा दमण, दीव, गोवा आणि आपण पोर्तुगीज अमलाखालीच राहिलो. चहूबाजूंनी स्वतंत्र भारत, आणि दमणगंगेच्या काठी आपण परक्या राज्यात.

हा मुलूख मोकळा करायचा ज्यांनी मनावर घेतले, त्यांत राजा वाकणकर, नाना काजरेकर, प्रभाकर सिनारी, विश्वनाथ लवंदे ही मंडळी होती. आणि त्यांच्यात एक संगीतकार होता: सुधीर फडके. २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापूरला जन्म, १९४६ पासून प्रभातमध्ये संगीत दिग्दर्शक. १९४८ च्या राम गबाले दिग्दर्शित 'वंदे मातरम्' चे संगीत त्यांचे. आज घरोघरी आजीआजोबा ज्यांना 'बाबूजी' म्हणतात ते हेच.

चढाईसाठी पैसा हवा होता. सरकारकडे मागण्याजोगे ते काम नव्हते. फडके यांनी लता मंगेशकर यांना गाण्याचा कार्यक्रम करण्याची विनंती केली आणि १९५४ च्या उन्हाळ्यात पुण्याला हिराबाग मैदानावर तो झाला. त्यातून मिळालेला निधी या मोहिमेच्या शस्त्रांसाठी व खर्चासाठी वापरला गेला. लताबाई तेव्हा हिंदी चित्रपटांच्या अग्रगण्य गायिका होत्या. पण त्यांचे वडील मास्टर दीनानाथ मूळचे गोव्यातील मंगेशीचे, म्हणजे पोर्तुगीज राज्यातले. त्यांनी बळवंत संगीत मंडळी चालवली. वडील गेल्यावर मुलगी मास्टर विनायक यांच्या चित्रपट कंपनीत कामाला लागली. संगीत नाटकातून चित्रपटात आलेला एक आवाज, पुण्यातले तिकीट काढून बसलेले श्रोते, आणि दुसऱ्या टोकाला आपले सिल्वासा. आम्ही वर जी मुळे सांगत आलो, त्यांचे एक टोक असे आपल्या दारात निघते.

पुढचा इतिहास आपण दरवर्षी २ ऑगस्टच्या झेंडावंदनाला ऐकतो. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले. ती कामगिरी युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सची. नंतर नरोली. मग भर पावसात आझाद गोमंतक दलाचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले आणि २ ऑगस्टला येथे तिरंगा चढला. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो खानवेलकडे निघून गेला आणि ११ ऑगस्टला शरण आला. या मोहिमेत बाबूजी स्वतः उतरले होते. पुढे शिवशाहीर म्हणून प्रसिद्ध झालेले बाबासाहेब पुरंदरेही होते. मुलांनी कल्पना करावी: हार्मोनियमवर बसणारा, सतत गळ्याची काळजी करावी लागणारा माणूस पावसात, चिखलात, बंदुकीच्या पल्ल्यात. आणि आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतरामायणा' ची मालिका सुरू झाली, तिचे संगीतकार हेच फडके. त्यातली छप्पन गीते वर्षभर घरोघरी ऐकली गेली. तो प्रकार काय होता? एकेका पात्राने पुढे यायचे, आपल्या वाट्याची गोष्ट गाऊन सांगायची आणि बाजूला व्हायचे. भवाड्यातली सोंगे आठवतात का पाहा.

त्याच १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' ला मिळाले. साने गुरुजींचे पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे. त्याचे पुठ्ठे निघालेले आहेत, ही चांगली खूण आहे. त्यानंतर असा सर्वोच्च मान मराठीला पुन्हा मिळायला अर्धे शतक गेले. संदीप सावंत यांच्या 'श्वास' ला तो २००४ मध्ये जाहीर झाला. कोकणातला आजोबा, डोळ्याचा आजार झालेला नातू, आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा एक दिवस. तो ऑस्करसाठी निवडला गेला तेव्हा परदेशातल्या प्रचाराचा खर्च झेपेना, म्हणून सामान्य लोकांनी वर्गणी काढली. बाबूजींनीही आपला 'वीर सावरकर' (२००१) लोकवर्गणीतूनच पुरा केला आणि पुढच्या वर्षी, २९ जुलै २००२ रोजी, ते गेले. मराठी चित्रपटाच्या मागे फार मोठा पैसा क्वचितच उभा राहिला. लोक उभे राहिले.

मल्याळी शेजाऱ्यांकडून एक धडा

आपल्या गावात नोकरीनिमित्त आलेली मल्याळी कुटुंबे आहेत, आणि मल्याळम चित्रपट आज देशभर कौतुकाने पाहिला जातो. मुले विचारतात, त्यांना जमते ते आपल्याला का नाही? प्रश्न चांगला आहे. मुळे पाहिली तर फारशी वेगळी नाहीत. त्यांच्याकडे तोलपावकूत्तु हा चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीखेळ, आपल्याकडे पिंगुळी. त्यांच्याकडे कथकळी, आपल्याकडे दशावतार आणि भवाडा. अस्पृश्यतेवर बोट ठेवणारा 'नीलक्कुयिल' १९५४ सालचाच, त्यालाही राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. आणि तकळींच्या कादंबरीवरचा 'चेम्मीन' (१९६५) तर सुवर्णपदकाचा मानकरी. त्याहून मोठे नाते असे की, प्रभात बंद पडल्यावर तिच्या पुण्यातील जागेवर सरकारने १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था काढली, आणि अडूर गोपालकृष्णन तेथेच शिकले. ज्या आवारात 'संत तुकाराम' झाला, त्याच आवारात केरळच्या या मोठ्या दिग्दर्शकाने धडे घेतले.

फरक कुठे पडला? आमच्या मते प्रेक्षक घडवण्यात. केरळात गावोगाव वाचनालयांची चळवळ होती. अडूर आणि त्यांच्या मित्रांनी १९६५ मध्ये 'चित्रलेखा' ही चित्रपटसंस्था काढली, आणि मग लहान लहान गावांतही लोक एकत्र बसून चांगले चित्रपट पाहू लागले, त्यावर भांडू लागले. चित्रपट काढणारे थोडे असतात. पाहणारे तयार असले तर त्यांना बळ येते. सिल्वासात मराठी चित्रपट पडद्यावर क्वचितच येतो, ही पालकांची तक्रार खरी आहे. परंतु चित्रपटगृहाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

म्हणून मा. विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी शाळेच्या सभागृहात एक मराठी चित्रपट दाखवावा. त्यासाठी अधिकृत प्रती आणि परवानगी यांची तरतूद पुढील अंदाजपत्रकात करावी. पाचवी ते सातवीसाठी 'श्यामची आई' आणि फाळक्यांच्या धडपडीवरचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). आठवीपासून 'संत तुकाराम', 'शेजारी', 'श्वास'. दहावीच्या मुलांसाठी 'कुंकू' आणि नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३), मात्र तो शिक्षकांनी सोबत बसून. 'फँड्री' पाहून काही पालक नाराज होतील. जातीवरून शाळेतल्या मुलाला काय सोसावे लागते, हे शाळेत बोलायचे नाही तर कुठे? सुधीर फडके यांच्या जीवनावरचा चित्रपट २०२४ मध्ये आला. तो मात्र सर्व वर्गांनी, शक्यतो २ ऑगस्टच्या आठवड्यात पाहावा. चित्रपटानंतर अर्धा तास चर्चा, आणि चर्चेत पालकांनाही बोलू द्यावे. शेजारच्या मल्याळी, गुजराती, कोकणा आणि वारली घरांतील मुलांना सोबत आणण्यास आमची हरकत नाही, उलट आग्रह आहे.

घरी करावयाचे काम

पुढील अंकापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून एक पान लिहावे: त्यांनी पाहिलेला पहिला चित्रपट कोणता, कोणत्या भाषेतला, कुठे पाहिला, तिकीट किती, बरोबर कोण होते. उत्तर ज्या भाषेत मिळेल त्याच भाषेतले शब्द ठेवावेत, सुधारू नयेत. चित्रकलेच्या तासाला हरिश्चंद्राच्या कथेतील एक प्रसंग वारली चौकाच्या पद्धतीने काढावा. ज्यांच्या गावी भवाडा होतो त्यांनी सोंगांची यादी क्रमाने लिहून आणावी. कोणते वाद्य केव्हा वाजते तेही लिहावे. वह्या ग्रंथालयात द्याव्यात.

आणि ज्यांच्या घरी किंवा शेजारी १९५४ चा तो पावसाळा पाहिलेली कोणी व्यक्ती असेल, त्यांनी आधी तिकडे जावे. ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. बाकीचा गृहपाठ उशिरा दिला तरी आम्ही शेरा मारणार नाही.